वॉल्स्टनचे बैल आणि आमचा रहाट

मागच्या शेतात गवत कापायला सुरुवात झाली की मी हातातलं काम टाकते आणि कुंपणाशी जाऊन उभी राहते. ट्रॅक्टर या टोकाला आला की हात हलवते. ट्रॅक्टरवाल्याने हात वर केला की घरात परत येते. नाही केला तर तो फेरा मारून पुन्हा येईपर्यंत तिथेच थांबते. लोकांना वाटतं म्हातारी प्रेमळ आहे. मी प्रेमळ नाही. आतला माणूस जिवंत आहे का, एवढंच मला बघायचं असतं.

यंदाही मेच्या अखेरीला पाऊस उघडला आणि काल यंत्र आलं. इंग्लंडातलं नॉर्विच शहर जिथे संपतं तिथे आमचं घर आहे. पुढे रस्ता, मागे शेत. कापलेल्या गवताला पहिल्या दिवशी कोवळी काकडी सोलल्यासारखा वास येतो. दुसऱ्या दिवशी तो गोड होतो. तिसऱ्या दिवशी तो घरात शिरतो, उशीला लागतो, चहाला लागतो, आणि मग चार-पाच दिवस मी नक्की कुठे आहे ते मलाच धड कळत नाही. इथे या दिवसांत संध्याकाळ संपत नाही. जेवणं होतात, भांडी होतात, तरी आभाळात ताकासारखा उजेड असतो. मी मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसते. डोळे मिटले की यंत्राची घरघर लांब जाते, जवळ येते, लांब जाते, जवळ येते. गोल फिरणाऱ्या गोष्टीचा आवाज असाच असतो. मग तो ट्रॅक्टर राहत नाही. रहाट होतो.

रहाट आताच्या पोरांनी पाहिलेला नाही, म्हणून सांगते. विहिरीवर लाकडाचं मोठं चाक, चाकावर मडक्यांची माळ. बैल गोल फिरतो, चाक फिरतं, मडकी खाली रिकामी जातात आणि भरून वर येतात, पाटात ओततात. बैलाच्या डोळ्यांना झापड बांधायची, म्हणजे त्याला वाटतं आपण सरळ कुठेतरी चाललोय. गळ्यात घंटा. घंटा वाजते तोवर बैल चालतो, बैल चालतो तोवर पाणी येतं. माणसाने नुसतं ऐकत बसायचं. घंटा थांबली की उठायचं.

वसईच्या वाड्यांमध्ये आम्ही मजुरीला होतो. जमीन मालकाची, केळी मालकाची, बैल मालकाचा. माझा नवरा बस्त्याव रहाट हाकायचा आणि मी पाट फोडून केळीच्या एकेका आळ्यात पाणी सोडायची. गावात सगळीकडे इंजिनं आली होती, पण आमचा मालक म्हातारा होता, त्याला इंजिनाचा आवाज सोसत नव्हता. म्हणून आमचा रहाट सगळ्यात शेवटी बंद झाला. कसा बंद झाला ते पुढे येईल.

तीन वर्षांपूर्वी, याच गवताच्या दिवसांत, बस्त्यावच्या पुतण्याचा फोन आला. इनास त्याचं नाव. आमच्या चर्चचं तिकडचं सगळं तोच बघतो.

"काकी, कब्रस्तानाची जुनी भिंत पाडतायत," तो म्हणाला. "पिंपळ घुसलाय तिच्यात. काकाच्या हाडांचं काय करायचं? फादर विचारतायत. पावसाच्या आत सांग."

आमच्याकडे कबर कायमची मिळत नाही. जागा कुठे आहे एवढी. काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं काढतात, ज्यांना हवं ते भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि वर नाव घालतात. बाकीच्यांची हाडं मागच्या कोरड्या विहिरीत जातात. तिथे नाव नाही. सगळे एकत्र. बस्त्याव चाळीसच्या वर वर्षं कोनाड्यात होता. आता नवा कोनाडा घ्यायचा, नाहीतर विहीर.

"विहीर," मी लगेच म्हणाले. पण फोन स्पीकरवर होता आणि माझी मुलगी जसिंता ड्युटीवरून येऊन जेवत होती. तिने चमचा खाली ठेवला.

"आई, ते माझे बाबा आहेत. कम्पोस्ट नाहीत." आणि फोनकडे तोंड करून, "इनासदादा, थांब. आम्ही कळवतो."

जसिंता इथल्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. तिच्या जिवावर मी इथे आले. बाप गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिच्याजवळ बापाचा एकच फोटो आहे, लग्नातला, आणि त्यातही तो कोटात आहे. तो कोट दुसऱ्याचा होता.

त्या आठवड्यात तिने इंटरनेटवरून सगळे फॉर्म्स शोधून काढले. हाडं विमानाने आणता येतात, परवानगी लागते, डबा कसला लागतो, सगळं. "आपण त्यांना इथे आणू," ती म्हणाली. "सिमेटरीत डबल प्लॉट मिळतो. तू आणि ते."

"मला आताच पुरतेस का?"

"आई, प्लीज. तू तिकडे परत जाणार नाहीस. ते तिकडे एकटे, तू इकडे एकटी. मला नाही चालणार."

"त्याला थंडी सोसायची नाही."

"जोक करू नकोस."

माझी नात एला वरून ओरडली, "आजी, मम्मी, हळू बोला ना, उद्या माझा केमिस्ट्री आहे." ती तेव्हा सोळा वर्षांची होती आणि तिच्या जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, परीक्षा चालू होत्या. घरात सगळीकडे रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या. फ्रिजवर, आरशावर, संडासाच्या दारावर. बाहेर गवत वाळत होतं, आत हाडांचा विषय. मी दार उघडून बाहेर जाऊन बसले. मी जसिंताला खरं कारण सांगितलेलं नव्हतं. कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

शेजारी डेरिक राहतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाई सांभाळल्या, आता गुडघे गेलेत. तो मला 'माय ब्यूटी' म्हणतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी जसिंताला विचारलं, याचं डोकं ठिकाणावर आहे ना. ती म्हणाली, इकडची जुनी माणसं सगळ्यांनाच म्हणतात, गाईलासुद्धा. मग माझी हरकत राहिली नाही. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळतं, माझं त्याला पाव कळतं. कामापुरतं भागतं.

त्याने मला कुंपणावरून त्या संताचं सांगितलं. वॉल्स्टन. इथून गाडीने दहा मिनिटांवर एका गावात त्याची विहीर आहे. हजार वर्षांपूर्वीचा शेतमजूर. मेच्या शेवटी त्याचा सण असतो. डेरिक म्हणाला, "देवावर माझा फारसा विश्वास नाही. वॉल्स्टनवर आहे." त्याची आई त्या विहिरीवरचं शेवाळ आणून आजारी गाईच्या पाठीला चोळायची.

"गाय बरी व्हायची?"

"कधी कधी. डॉक्टरचंही तसंच असतं."

सणाच्या रविवारी एलाचा पेपर नव्हता. जसिंताला सुट्टी होती. डेरिकला पुढच्या सीटवर बसवून आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना उंच झुडुपं, त्यांना पांढरी फुलं, मध्ये एकच गाडी जाईल एवढा रस्ता. डेरिक गोष्ट सांगत होता आणि एला मागे बसून मला तिच्या मराठीत सांगत होती.

तो राजाचा मुलगा होता, म्हणतात. राज्य सोडून शेतावर मजुरीला राहिला. मला हे पटत नाही. गरिबाला संत करायचा तर आधी त्याला राजाचा मुलगा करावा लागतो, नाहीतर लोकांना पटत नाही. बाकीचं पटलं. आपलं जेवण आणि जोडे तो दुसऱ्या गरिबांना देऊन टाकायचा. मालकिणीला राग आला, तिने त्याला अनवाणी काट्यांत पाठवलं. काटे बोचले नाहीत. मालक म्हणाला, तुला वारस करतो. तो म्हणाला, नको, ती गाभण गाय आहे ना, तिचं जे होईल ते द्या. तिला दोन वासरं झाली. त्यांचे बैल झाले. एक दिवस गवत कापता कापता त्याला वरून गाणं ऐकू आलं. बरोबरच्या मजुराला काही ऐकू येईना. वॉल्स्टन त्याला म्हणाला, माझ्या पायावर पाय ठेव. त्याने ठेवला, मग त्यालाही आलं. नंतर वॉल्स्टन त्याच गवतात मेला. त्याला गाडीत घातलं, ते दोन बैल जुंपले, आणि हाकणारा कोणी नव्हता. बैल आपले आपण निघाले. नदीवरून गेले तर चाकं बुडाली नाहीत. जिथे थांबले तिथे झरा फुटला.

"हाकणारा कोणी नव्हता?" मी विचारलं.

"नो वन, आजी. सेल्फ-ड्रायव्हिंग," एला म्हणाली.

मी खिडकीबाहेर बघत बसले. 

डेरिकच्या गुडघ्यांमुळे आम्हाला उशीर झाला. प्रार्थना होऊन माणसं चहाला गेली होती. चर्चच्या खालच्या अंगाला विहीर. मला वाटलं होतं आमच्यासारखी खोल असेल. ही एवढीशी, दगडी कठडा, आत काळं पाणी, पाण्यात आभाळाचा तुकडा. कठड्यावर कोणीतरी गवताची पेंढी ठेवली होती. आमच्याकडे नव्या भाताची पहिली कणसं देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेतात तशी. मी बोट बुडवून क्रूस केला. पाणी गार होतं. डेरिक जरा लांब बाकावर बसला आणि काठीने शेवाळ खरवडू लागला.

"बघ आई," जसिंता म्हणाली, "हजार वर्षं झाली तरी लोक त्याच्याजवळ येतात. म्हणून ग्रेव्ह लागते."

एलाने डेरिकला विचारलं, कबर कुठे आहे. त्याने मान हलवली. कबर नाही. पुढे एका राजाचं पोपशी भांडण झालं, त्याच्या माणसांनी कबर फोडली, हाडं जाळली आणि राख शेतात उधळली, असं म्हणतात. "म्हणून इकडचं गवत चांगलं," डेरिक म्हणाला.

जसिंताला ते आवडलं नाही. ती माझ्याकडे वळली. "ते जाऊ दे. मला एवढंच सांग, तू बाबांच्या शेवटच्या क्षणापर्यंत त्यांच्याजवळ होतीस. त्यांनी तुझ्या हातात जीव सोडला. आता त्यांना विहिरीत टाक म्हणतेस. कसं होतं तुझ्याने?"

हेच ते. बस्त्यावने माझ्या मांडीवर डोकं ठेवून येशूचं नाव घेतलं आणि मान टाकली, ही गोष्ट मी फादरला सांगितली, सासूला सांगितली, आणि जसिंता मोठी झाली तेव्हा तिलाही सांगितली. तिने ती बापाच्या फोटोसारखी जपली. पंचेचाळीस वर्षं जपलेली वस्तू मी त्या कठड्यावर आपटली.

"मी जवळ नव्हते," मी म्हणाले. "झोपले होते."

मग मी सांगत गेले. एप्रिल होता. तुला ताप होता, रात्रभर रडली होतीस. दुपारी तुला झोपवायला घरात आले, तुझ्याशेजारी आडवी झाले. तुझ्या बापाला म्हटलं होतं, एक आळं भरेपर्यंत येते. बाहेर घंटा वाजत होती. रहाट कुरकुरत होता. घंटा वाजते म्हणजे सगळं ठीक आहे, असं आमच्यात होतं, म्हणून डोळा लागला. मला स्वप्नसुद्धा पडलं. स्वप्नात घंटाच वाजत होती. जागी झाले ती पाठ भिजली म्हणून. पाट भरून, आळं भरून, पाणी अंगणातून घरात आलं होतं. तुझं अंथरूण भिजलं होतं. बाहेर आले तर बैल फिरतोय. तुझा बाप विहिरीच्या कठड्याला टेकून बसलाय, टोपी तोंडावर. झोपलाय समजून मी त्याला शिवी दिली. दोनदा दिली. मग टोपी काढली.

"किती वेळ झाला होता?" जसिंताने विचारलं. नर्सचा प्रश्न.

"हात गार होते. एप्रिलच्या उन्हात."

"आणि येशूचं नाव?"

"ते मी घेतलं. त्याच्या वतीने."

"खोटं कशाला बोललीस?"

"खरं बोलले असते तर लोक म्हणाले असते, बायको झोपली होती. आणि बायको झोपली होती. तो एकटा मेला, म्हणून म्हणते, आता तरी सगळ्यांत राहू दे."

बैल मालकाने दुसऱ्या दिवशी नेला, घंटेसकट. त्याच महिन्यात त्याने इंजिन बसवलं. रहाट असा बंद झाला.

जसिंता कठड्यावर हात टेकून पाण्यात बघत राहिली. मला वाटलं आता ही माझ्याशी बोलायची नाही. बोलली नसती तरी मी तिला दोष दिला नसता. एला आमच्या दोघींच्या मध्ये उभी होती, तिला काय करावं कळेना, आणि अशा वेळी पोरं जे करतात ते तिने केलं. "मम्मी," ती म्हणाली, "आजीच्या पायावर पाय ठेव."

"काय?"

"त्या स्टोरीत होता तसा. मग तुला ऐकू येईल."

"तिचं वजन बघ आधी," मी म्हणाले.

पण जसिंताने ठेवला. कामावरचाच बूट होता, जाड तळव्याचा. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "कशी वाजायची?"

मी सांगितलं. पितळेची नव्हती, लोखंडाची होती, त्यामुळे ठण वाजायची नाही, टक वाजायची. बैल विहिरीच्या पलीकडे गेला की बारीक, अलीकडे आला की मोठी. मध्येच चाकाचा दात अडकायचा, तेव्हा एक टक चुकायची. मग मडक्यांचं पाणी पाटात पडायचं, ते एकसारखं. आणि तुझा बाप नाकातल्या नाकात गुणगुणायचा, त्याला सूर नव्हता.

तिला काही ऐकू आलं असेल असं मला वाटत नाही. पण तिने पाय बराच वेळ काढला नाही. माझा अंगठा दुसऱ्या दिवशीही ठणकत होता.

डेरिक बाकावरून म्हणाला, चहा संपेल. मग आम्ही वर गेलो.

त्यानंतर ती विषयच काढेना. शेतात गवत उलटवलं, पुन्हा वाळलं, ओळी झाल्या, यंत्राने त्याचे गोल गठ्ठे बांधले. एलाचे पेपर एकेक करून संपत होते आणि भिंतीवरच्या चिठ्ठ्या कमी होत होत्या. इनासचे दोन मेसेज आले. तिकडे आभाळ भरत होतं. मी जसिंताला घाई केली नाही. संध्याकाळी दाराशी बसायची, पेंगायची. पेंगताना गठ्ठे बैलांसारखे दिसायचे, बसून रवंथ करणारे. कोणीतरी टोपी तोंडावर घेऊन त्यांना टेकलेलं असायचं. मी त्याला हाक मारायची आणि जागी व्हायची.

गठ्ठे उचलले त्या दिवशी सकाळी तिने माझ्यासमोर इनासला व्हिडिओ कॉल लावला.

"दादा, आधी मला दाखव," ती म्हणाली.

इनासने कोनाडा उघडून हाडं एका पांढऱ्या चादरीवर मांडली होती. मी बघणार नव्हते. बघितलं. हाडं ती हाडं, तपकिरी, झाडाच्या मुळांसारखी. जसिंता मात्र फोन डोळ्यांजवळ घेऊन वॉर्डात बघत असेल तशी बघत होती. "ते वर घे. नाही, त्याच्या शेजारचं. वळव. उजेडात धर."

मग तिने मला विचारलं, "आई, बाबांचा उजवा खांदा दुखायचा का?"

"रोज. केळीचे घड त्याच खांद्यावरून न्यायचा. रात्री मी तेल लावायची."

"दिसतं," ती म्हणाली. "सांधा झिजलाय. एवढ्या कमी वयात एवढा झिजत नाही." तिने स्क्रीनवर बोट ठेवलं, जिथे ते हाड होतं तिथे. रोज किती खांदे बघते ती, त्यांची नावं तिला फाइलवरून कळतात. हा एक तिला फाइलीशिवाय कळला.

"त्या विहिरीत वाडीतला तो पास्कू, तो आंतोन, काकाच्या बरोबरीचे ते सगळे मजूर आहेत का रे?" मी इनासला विचारलं.

"सगळे आहेत काकी. माझा बापपण."

"मग तो एकटा कोनाड्यात काय करतोय?"

इनास जसिंताकडे बघत थांबला. जसिंता म्हणाली, "विहिरीत सोड, दादा. पण रविवारी, मिस्सानंतर, लोक असताना. आणि फोन चालू ठेव."

रविवारी त्याने चालू ठेवला. तिकडे पाऊस सुरू झाला होता, छत्र्यांचाच आवाज जास्त येत होता. फार काही दिसलं नाही. जसिंता माझ्या शेजारी उभी होती. फोन बंद झाल्यावर तिने चहा टाकला आणि साखर घालायला विसरली. मी तसाच प्यायले.

आता एला एडिनबराला शिकते. डेरिक बाहेर फारसा येत नाही, खिडकीतून काठी दाखवतो. माझ्या कबरीचा डबल प्लॉट सिंगल झाला आहे, कुठे आहे ते मी बघून आले. उतारावर आहे, पाणी साचणार नाही.

आणि शेतात नवा ट्रॅक्टर आलाय. परवा एला फोनवर सांगत होती, आजी, हल्लीचे ट्रॅक्टर आपले आपण चालतात, वरून सॅटेलाइट त्यांना सांगतो. माणूस आत नुसता बसतो. मी काल कुंपणाशी जाऊन बघितलं तर खरंच. ट्रॅक्टर सुतात सरळ येत होता, मागे गवत आडवं पडत होतं, यंत्र एका सुरात चाललं होतं. काचेमागे माणूस मागे टेकलेला, टोपी खाली ओढलेली, हात मांडीवर.

मी हात हलवला. त्याने बघितलं नाही. ट्रॅक्टर वळला आणि लांब गेला. मी थांबले. जसिंताने दारातून हाक मारली, "आई, चहा गार होतोय." मी म्हटलं, होऊ दे. ती तशीच चपला घालून गवतातून आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. ट्रॅक्टर पुन्हा जवळ आला. या वेळी आम्ही दोघींनी हात हलवले, ती तर दोन्ही हात वर करून, ॲम्ब्युलन्स थांबवतात तसे.

माणसाने टोपी सरळ केली आणि हात वर केला.

"आहे," जसिंता म्हणाली. मग आम्ही घरात गेलो.